पिशवीतल्या माल्टचा उतारा कसा वाढवावा

यंदा कारखान्याचा साखर उतारा किती, याची चर्चा कोल्हापुरात टपरीवरही होते. माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, असाच हिशेब लागतो: दाण्यातल्या साखरेपैकी रसात किती उतरली? घरगुती बिअरवाल्यांनी रूढ केलेली पिशवीची पद्धत सोपी आहे. सगळं माल्ट कापडी पिशवीत घालून एकाच पातेल्यात गरम पाण्यात मुरवायचं. पण हयगय केली की उतारा ६० टक्क्यांच्याही खाली जातो. नीट केलं तर ७५ मिळतो.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. म्हणून आपण गोड रसापर्यंतच जायचं. यीस्ट टाकायचं नाही, रस आटवून काकवीसारखा पाक करायचा.

लागणारं साहित्य: २ किलो फिकट सातूचं माल्ट (काळपट भाजलेलं नको, त्यातली विकरं, म्हणजे स्टार्चची साखर करणारी एन्झाइम, मेलेली असतात), साडेअकरा लिटर पाणी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) आणि पातळ पॉलिएस्टर व्हॉइलची मोठी पिशवी. असं कापड इचलकरंजीत सहज मिळावं.

१. भरड. उताऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा इथं आहे, आणि लोक इथंच घाई करतात. अख्खा राहिलेला दाणा म्हणजे वाया गेलेली साखर. पिशवीमुळे रस तुंबायची भीती कमी, म्हणून नेहमीपेक्षा बारीक भरडता येतं: रव्यासारखा दाणा, थोडं पीठ, कोंडा शक्यतो मोठा. गिरणीवाल्याला "पीठ नको, बारीक भरडा हवा" असं स्पष्ट सांगा. चटणीच्या डंकाजवळ मात्र नेऊ नका. परत आल्यावर मूठभर पसरून बघा. अख्खे दाणे दिसले तर पुन्हा दळा.

२. तापमान. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथं पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळतं. ९ लिटर पाणी ७१ अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा, पिशवी लावून माल्ट हळूहळू सोडा आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मिश्रण ६७ च्या आसपास येतं. पातेल्यावर झाकण, वर घोंगडी, आणि तासभर मुरवणं. मध्ये दोनदा ढवळा. पुन्हा गॅस लावायचा झाल्यास पिशवी तळाला टेकू देऊ नका, कापड वितळतं.

बोअरचं पाणी जड असेल तर मिश्रणाचा सामू (pH) चढतो आणि विकरं मंदावतात. सामू ५.२ ते ५.६ हवा. त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळलं तरी बराच फरक पडतो.

३. चाचणी. तासाभरानं चमचाभर रस पांढऱ्या बशीत घ्या, त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून अर्धा तास द्या. बशीतला रस फेकून द्या.

४. धुणं आणि पिळणं. पिशवी उचलून चाळणीवर ठेवा, वरून ७५ अंशांचं अडीच लिटर पाणी सावकाश ओता. मग हातमोजे घालून पिळा. पिळल्यानं रस तुरट होतो, ही समजूत चुकीची आहे. तुरटपणा येतो तो फार गरम पाण्यानं आणि चढलेल्या सामूनं.

५. हिशेब. रस थंड करून मोजा, कारण गरम रसात हायड्रोमीटर कमी दाखवतो. किलोभर माल्टमधून जास्तीत जास्त सुमारे ३०० अंश-लिटर (हायड्रोमीटरच्या वाचनात १.००० च्या वर जितके हजारांश, गुणिले रसाचे लिटर) मिळू शकतात, म्हणजे २ किलोत ६००. रस १० लिटर आणि वाचन १.०४५ आलं, तर ४५ गुणिले १० म्हणजे ४५०. उतारा ७५ टक्के. लिटर अंदाजे धरले तर हा आकडा निरर्थक होतो, म्हणून पातेल्याच्या आत खुणा करून ठेवा.

उतारा कमी आला तर पहिला संशय भरड्यावर, मग पाण्यावर, शेवटी तापमानावर. एका खेपेला एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

रस लगेच उकळायला ठेवा, आपल्या हवेत तो लवकर आंबतो. मंद आचेवर, शेवटी सतत ढवळत आटवला की सुमारे दीड किलो पाक होतो. दुधात छान लागतो, पण ग्लुटेन चालत नसलेल्यांना देऊ नका. चोथा त्याच दिवशी म्हशीला घाला, दुसऱ्या दिवशी तो आंबट होतो.