खुब्याचा पट्टा आणि घरातले हौशी हात: या चुका टाळा

बाळाचे पाय सरळ झालेच पाहिजेत, असा आपल्याकडे अख्ख्या घराचा हट्ट असतो. मालिश करताना दोन्ही घोटे एकत्र धरून ओढायचे, मग पाय ताणून दुपट्यात करकचून गुंडाळायचं, आणि तरीही पाय जरा वाकडे दिसले तर मालिशवाल्या बाईंच्या नावाने बोटं मोडायची. खुब्याचा सांधा जन्मापासून ढिला असेल किंवा निखळलेला असेल, तर त्याला नेमकं हेच नको असतं. तान्ह्या बाळाच्या मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या वाटीत नीट बसतं ते पाय जांघेत नि गुडघ्यात दुमडून बाजूला पडलेले असताना. उपचार म्हणजे पाय त्या स्थितीत ठेवायचे, बाळाला हातपाय हलवू द्यायचे आणि वाटी खोल होईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही.

मी सोलापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. डॉक्टरांनी सांगितलेले पट्टे बसवणं, ते दर आठवड्याला तपासणं, प्लास्टर घातलेल्या मुलांच्या आयांना घरची काळजी शिकवणं, हे रोजचं काम. अशोक चौकापलीकडच्या पूर्व भागातून, अक्कलकोट-मोहोळकडून, मंगळवेढ्याकडून माणसं येतात. कुणी मराठीत बोलतं, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये. चुका मात्र सगळ्यांच्या एकाच छापाच्या.

पट्टा घरी सोडणं, घरी बांधणं

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक वेळा पाव्हलिक हार्नेस लावतात. लोक त्याला नुसतं ‘पट्टा’ म्हणतात. आर्नोल्ड पाव्हलिक हे चेक अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांच्या काळात बाळाचे पाय फाकवून कडक साच्यात जखडून ठेवत. त्या जखडण्याने हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि डोकंच खराब होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांचा पट्टा पाय जखडत नाही. पुढचे पट्टे पाय वर दुमडलेले ठेवतात, मागचे पट्टे पाय आत मिटू देत नाहीत, आणि मधल्या जागेत बाळ आपल्या मर्जीने लाथा झाडतं. त्या लाथांनीच डोकं हळूहळू वाटीत जातं. म्हणजे काम बाळ करतं, पट्टा नुसती हद्द आखून देतो. हे समजलं की पट्टा आवळायचा मोह होत नाही. पण समजून घ्यायला वेळ कुणाला आहे?

एक मुलगी आठवते. पहिलंच अपत्य, पायाळू, डावा खुबा निखळलेला, दोन महिन्यांची. पट्टा व्यवस्थित चालला होता, सोनोग्राफीत डोकं वाटीकडे सरकताना दिसत होतं. घरात लांबवून ठेवलेलं बारसं निघालं. नवा फ्रॉक पट्ट्यावर बसेना, म्हणून पट्टा काढला. काढलाच आहे तर, आजी म्हणाल्या, एवढे दिवस अंगाला तेल लागलेलं नाही, मालिश होऊन जाऊ दे. मालिशवाल्या बाईंनी पाय ओढून सरळ केले. संध्याकाळी वडिलांनी मोबाईलवर व्हिडिओ बघत पट्टा परत बांधला. बांधताना त्यांनी विचार केला की एवढं दुमडून फायदा होतो, तर अजून थोडं दुमडू, लवकर सुटका होईल.

माझ्याकडे आले तेव्हा गुडघे जवळजवळ पोटाला टेकले होते. उजवी लाथ जोरात, डावा पाय गप्प. मी तळव्याला गुदगुल्या केल्या. बोटं हलली, घोटा हलला, पण गुडघा काही ताणला जाईना. पाय प्रमाणाबाहेर दुमडला की जांघेतून मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे जाणारी नस दबते, आणि गुडघा सरळ करणारे स्नायू झोपतात. आजी म्हणाल्या, “मॅडम, पोरगी शांत झाली आता, आधी लई लाथा मारायची.” त्यांना ती चांगली खूण वाटत होती.

डॉक्टरांनी पट्टा लगेच काढून ठेवला. लाथ परत आली. ही नस बहुतेक वेळा सुधारते. पण तेवढ्या दिवसांत सांधा पुन्हा बाहेर सरकला, नंतर पट्ट्याने काही तो बसला नाही आणि सातव्या महिन्यात भूल देऊन प्लास्टर करावं लागलं. बारसं झालं नसतं तर प्लास्टर टळलं असतं का, हे छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. पण मला जे वाटतं ते वाटतंच.

म्हणून माझी सवय सांगते. पट्टा बसवला की प्रत्येक वेल्क्रोच्या टोकाशी मी न पुसणाऱ्या पेनाने रेघ मारते आणि आईच्याच मोबाईलवर पुढून, मागून फोटो काढायला लावते. रेघ सरकलेली दिसली तर दुरुस्त करत बसायचं नाही, सरळ यायचं. छातीच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मागचे पट्टे इतके ढिले हवेत, की बाळाने पाय आत घेतले तर गुडघ्यांमध्ये तीनेक बोटांचं अंतर उरावं. त्याहून घट्ट म्हणजे जास्त गुण, असं अजिबात नाही. आणि लंगोट बदलताना दर वेळी एवढंच बघायचं: दोन्ही गुडघे ताणून लाथ बसते का? एक पाय गप्प झाला की त्याच दिवशी दाखवायचं, आठवड्याच्या तारखेची वाट बघायची नाही.

दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेले नवे सहकारीही हा पट्टा बांगडी भरल्यासारखा घट्ट बसवतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं: आधी दहा बाळांचे पट्टे नुसते बघा, हात मागे बांधून.

आठवड्याची तपासणी चुकवू नका, कारण बाळ वाढतं, पट्टा वाढत नाही. गेल्या आठवड्यात बरोबर असलेला पट्टा आज जास्त दुमडायला लागलेला असतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की माझ्या तारखा हमखास रिकाम्या जातात. सिद्धेश्वराच्या दर्शनाला बाळाला पट्ट्यासकट न्या ना, देव काही नाराज होत नाही.

अंघोळ आणि उन्हाळा

सुरुवातीचे आठवडे पट्टा जवळपास चोवीस तास अंगावर लागतो. अंघोळीऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसायचं. यावर मोठा वाद होतो. नळाला चार-चार दिवसांआड पाणी बघितलेल्या गावात रोजच्या न्हाण्याचा एवढा आग्रह का, हे मला कळलेलं नाही. अंघोळीपुरता पट्टा काढायची परवानगी डॉक्टर देतात, पण सांधा स्थिर झाल्यावर.

एप्रिल-मे मध्ये चाळिशीच्या वर पारा गेला की जांघेत, गुडघ्याच्या मागे नि मानेच्या वळीत घाम साचून कातडी सोलते. पट्ट्याखाली पातळ सुती झबलं आणि गुडघ्यापर्यंत येणारे सुती मोजे घाला. लंगोट किंवा डायपर पट्ट्याच्या आत, पट्टा त्यावरून. पावडर नको, घामात तिची खळ होते. डायपर बदलताना दोन्ही पाय घोट्याला धरून वर उचलू नका, ढुंगणाखाली हात घाला.

दोन-तीन लंगोट एकावर एक

हा उपचार नाही. ढिल्या सांध्याला याने गुण येत नाही, फक्त काही तरी केल्याचं समाधान मिळतं आणि तेवढा काळ हातचा जातो.

सिझर झालं म्हणजे पायाळूचा धोका गेला

नाही गेला. बाळ पोटात पायाळू होतं, दोष तिथे तयार होतो. बाहेर कुठल्याही वाटेने आलं, तरी तपासणी लागतेच. पायाळू माणसाने पाठीवर पाय दिला की उसण उतरते, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानतात, पण त्याच पायाळूचा स्वतःचा खुबा तपासायचा असतो हे कुणी सांगत नाही. पायाळू बाळाची तपासणी नॉर्मल वाटली तरी साधारण सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. आई-वडिलांपैकी किंवा भावंडांत कुणाला हा त्रास असेल तरी तेच. मुलींमध्ये हा दोष बराच जास्त आढळतो, डाव्या बाजूला जास्त.

मांडीच्या वळ्या मोजत बसणं

वळ्या कमीजास्त असलेली कितीतरी बाळं ठणठणीत असतात. आणि दोन्ही खुबे निखळलेले असले तर वळ्या अगदी सारख्या दिसतात, म्हणून अशीच बाळं निसटतात. तीन महिन्यांनंतर लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाजूला उघडत नसेल, तर तिकडे लक्ष द्या. हा दोष दुखत नाही. बाळ रडेल तेव्हा बघू म्हणाल, तर ते रडणारच नाही.

पहिल्या महिन्यात एक्स-रे काढून “नॉर्मल आहे” म्हणून निवांत होऊ नका. डोकं तेव्हा कूर्चेचं असतं, एक्स-रेत दिसत नाही. चार-सहा महिन्यांनंतर एक्स-रेचा उपयोग, त्याआधी सोनोग्राफी.

“चालायला लागली की कळेल.” हो, कळेल. दीड वर्षानंतर बहुधा चिरफाडच करावी लागते.

हाडवैद्याकडे नेऊन झटका देऊ नका. यावर चर्चा नाही.

बसत नसलेला पट्टा महिनोन् महिने चालू ठेवणं

ही चूक घरच्यांची कमी आणि आमच्या क्षेत्रातल्या लोकांची जास्त. पूर्ण निखळलेला सांधा तीन-चार आठवड्यांत पट्ट्यात बसला नाही, तर तोच पट्टा पुढे रेटण्यात अर्थ नसतो. बाहेर सरकलेलं डोकं दुमडलेल्या स्थितीत वाटीच्या मागच्या काठावर घासत राहतं आणि काठच झिजतो. मग पुढचा उपचार अवघड होतो. पट्टा लावला आणि सोनोग्राफी न करता “दोन महिन्यांनी या” असं कुणी म्हटलं, तर सरळ विचारा: सांधा आत बसला की नाही, हे कशावरून कळणार? प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावतात, असं समजू नका. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

प्लास्टरातल्या चुका

पट्ट्याने भागलं नाही किंवा निदानच सहा महिन्यांनंतर झालं, तर सांधा न उघडता, भूल देऊन बसवतात. सांध्यात औषध सोडून डोकं आत गेलं का ते पडद्यावर बघतात, कधी जांघेतल्या स्नायूची ताठ दोरी (कंडरा) बारीक छेद देऊन सैल करतात, आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. साधारण तीन महिने, मध्ये एकदा भूल देऊन बदल. तो बदल टाळायला बघणारे असतात: “चांगलं दिसतंय की, राहू दे.” बाळ वाढलेलं असतं, प्लास्टर आतून मळलेलं असतं आणि सांधा अजून आत आहे का ते बघायचं असतं. टाळू नका.

डायपर एक लहान मापाचा प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा आणि त्यावरून मोठा बाहेरून. लहान डायपर दर दोन-तीन तासांनी बघायचा, रात्रीसुद्धा. पायांमधली आडवी दांडी उचलायला नसते. सगळे तिलाच धरतात, कारण ती हातात छान येते. खाज आली की आत काडी, विणायची सुई, कंगवा असलं काही घालायचं नाही. बाहेरून टिचक्या मारा, गार वारा द्या.

आणि मोठ्या भावंडांवर डोळा ठेवा. कुंभारीकडच्या एका घरातून तक्रार आली, की प्लास्टरला घाण वास येतोय, बाळ रात्रभर किरकिरतं. आई दिवसभर विड्या वळायची, बाळाजवळ चार वर्षांचा दादा. डॉक्टरांनी पोटावर खिडकी कापली, तर आतून तीन भुईमुगाच्या शेंगा निघाल्या, अख्ख्या, टरफलासकट. एका शेंगेची जाळी कातडीवर जशीच्या तशी उमटली होती आणि मधोमध फोड फुटलेला. दादा म्हणाला, “बाळाला भूक लागली तर.” तेव्हापासून मी जेवताना छातीच्या कडेला रुमाल खोचायला सांगते, आणि दादा-ताईंना समोर बसवून वेगळं बजावते.

पायाची बोटं थंड, निळी किंवा सुजलेली दिसली, ताप आला, वास आला, किंवा काही केल्या रडं थांबेना, तर सकाळची वाट न बघता निघा. मात्र मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये प्लास्टरचं बाळ धरून येऊ नका. रिक्षा करा.

खर्चासाठी थांबणारे बरेच असतात. अंगणवाडीतल्या बालकांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, नाहीतर थेट सिव्हिलला जा.

बरं झालं म्हणून फाईल फेकणं

पट्टा सुटला, प्लास्टर निघालं, पोरगी पळायला लागली की माणसं परत फिरकत नाहीत. वाटी उथळ राहिली असेल तर ते वाढीच्या वर्षांत हळूहळू उघड होतं, आणि तेही न दुखता. एक वर्षाच्या आसपास एक्स-रे, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, उंची वाढायची थांबेपर्यंत. जुने एक्स-रे प्रत्येक वेळी बरोबर आणा, कारण तुलना त्यांच्याशीच होते. पत्र्याच्या घरात त्या फिल्मा उन्हाळ्यात एकमेकींना चिकटून बसतात. आधीच प्रत्येक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा.