फुलांच्या दांड्यांपासून गुलाबाची रोपे: छाट कलमाचा हंगामी सल्ला

पावसाचा जोर ओसरून तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास स्थिरावले, की गुलाबाच्या छाट कलमासाठी, म्हणजे काडी कापून लावून तिचे रोप करण्यासाठी, हवा जुळून येते. बागेतल्या ताज्या काडीची खात्री जास्त, हे खरेच; पण विकत आणलेल्या लांब दांडीच्या फुलांपासूनही या दिवसांत रोपे होतात. मात्र अशी दांडी झाडावरून सुटून, शीतगृहात राहून आलेली असते आणि तिच्यातले साठवलेले अन्न रोज खर्च होत असते. म्हणून फूल कोमेजण्याची वाट पाहू नका. वीतभर देठासह फूल कापून फुलदाणीत ठेवा आणि उरलेली दांडी त्याच दिवशी लावा. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या दांड्या बहुतेक वेळा वाया जातात.

काडी पेन्सिलीएवढी जाड, वाकवली तर ताठ राहणारी हवी. काटा अंगठ्याने बाजूला दाबून पाहा. खटकन, स्वच्छ निघाला तर काडी पक्व. सोबत साल ओरबाडली गेली तर कोवळी. बुडाचा काळपट, बुळबुळीत भाग कापून टाका. ऑस्ट्रेलियासारख्या देशात आयात फुलांच्या दांड्या रुजू नयेत म्हणून त्या ग्लायफोसेट तणनाशकात बुडवतात; तसल्या दांडीवर मेहनत घेऊ नये.

धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) ३ ते ४ डोळ्यांची, साधारण १५ सेंमी लांबीची काडी करा; डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यातला, नवा फुटवा येण्याचा कोंब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्यापासून अर्धा सेंमी वर सरळ. काप असे वेगळे ठेवले की काडी उलटी लागत नाही. वरचे एकच पान ठेवा, त्याच्याही दोनच पानोळ्या (पानातली छोटी पाने). सगळी पाने ठेवली तर मुळे नसलेली काडी पाणी उडवून सुकते. सगळी काढली तर मुळांना अन्न पुरवायला काही उरत नाही.

आयबीए हे मुळे फुटायला मदत करणारे संजीवक २००० पीपीएम (दहा लाख भागांत २००० भाग) तीव्रतेचे घ्या. २०० मिलिग्रॅम आयबीए आधी ५० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात पाणी घालून १०० मिली करायचे. ते थेट पाण्यात नीट विरघळत नाही. काडीचे बूड ५ ते १० सेकंदच बुडवा. जास्त वेळ ठेवले तर बूड जळते. बटाट्यात काडी खोचण्याचा उपाय करू नका, बटाटा कुजतो आणि काडीलाही कुजवतो.

धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घ्या. शेणखत, कंपोस्ट अजिबात नको. आधी काठीने भोक पाडून दोन डोळे आत जातील एवढी काडी लावा, भोवती दाबा, एकदाच भरपूर पाणी द्या आणि वर पारदर्शक पिशवी घाला. पिशवी पानाला टेकू देऊ नका. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नको. रोज दहा मिनिटे पिशवी उघडा आणि गळलेले पान त्याच दिवशी उचला, बुरशी तिथूनच सुरू होते.

बुडाकडून काळी पडत आलेली काडी म्हणजे पाणी जास्त झाले. वरून सुरकुतली तर हवा कोरडी पडली.

सर्वांत मोठी फसगत होते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. डोळा फुटतो, तांबूस कोवळी पालवी येते आणि रोप लागले असे वाटते. ही पालवी काडीतल्या साठ्यावर आलेली असते. खाली तेव्हा अनेकदा कापावर नुसता पांढरट कॅलसचा (जखम भरून काढणाऱ्या पेशींचा) गोळा असतो. उपटून पाहिले की तो तुटतो. मुळे यायला ४ ते ६ आठवडे लागतात. पारदर्शक पेल्यात काडी लावली तर ती बाहेरूनच दिसतात. कळी आली तर लगेच खुडा.

मुळे दिसल्यावर ८ ते १० दिवसांत पिशवी हळूहळू जास्त वेळ उघडी ठेवत काढून टाका, मग १५ सेंमीच्या कुंडीत हलवा. पहिला महिना खत नको.

फुलशेतीतले बरेच वाण खुंटावर डोळा भरून, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळे असलेल्या झाडावर त्यांचा डोळा बसवून, वाढवलेले असतात. स्वतःच्या मुळांवर त्यातले काही जोमाने वाढत नाहीत. व्यावसायिक लागवड करायची असेल तर खुंटरोपावर डोळा भरणेच बरे. वाण संरक्षित असेल तर हक्कधारकाच्या परवान्याशिवाय त्याची रोपे विकू नका.