स्टार्टअप प्रशिक्षणातून पदरात काय पाडून घ्यायचं : सोलापूरच्या नव्या उद्योजकांसाठी

सोलापुरात धंदा ओळखीवर चालतो. चाटी गल्लीतला व्यापारी सुताच्या दलालाला ओळखतो, दलाल यंत्रमागवाल्याला, यंत्रमागवाला प्रोसेसिंगवाल्याला. चादर आणि टॉवेलच्या धंद्याला ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या पुरली. पण तुम्ही डाळिंबाची प्रतवारी करणारं मशीन बनवत असाल, गणवेशाच्या ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर विकत असाल किंवा मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी पॅक करून बंगळुरूला पाठवत असाल, तर तुम्हाला लागणारी माणसं या साखळीत नाहीत. फाउंडरसाठीच्या प्रशिक्षण आणि नेटवर्किंग कार्यक्रमाचा खरा उपयोग ती माणसं गाठण्यासाठी आहे. व्याख्यानं यूट्यूबवर फुकट मिळतात. तुमच्या हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून ‘इथे चुकतंय’ म्हणणारा माणूस तिथे मिळत नाही.

आधी कार्यक्रमाची जात ओळखा

‘स्टार्टअप प्रोग्राम’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे उद्योजकता विकास प्रशिक्षण. पाच-दहा दिवसांचं, बहुतेक सरकारी योजनेला जोडलेलं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून हे काम करतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्ज घेणाऱ्याला असं प्रशिक्षण घ्यावं लागतं. बँकेची फाइल, प्रकल्प अहवाल, खेळतं भांडवल हे विषय इथे बरे शिकवतात. इथे एक चूक वारंवार होते. माणूस आधी मशीन आणतो, उत्पादन सुरू करतो आणि मग अनुदानासाठी धावतो. ही योजना नव्या युनिटसाठी आहे, त्यामुळे आधीच सुरू झालेलं युनिट तिच्या बाहेर पडतं. मशीनचं कोटेशन घ्या, पण बयाणा देण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम विचारा.

दुसरा इनक्युबेटर. इथे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जागा, प्रयोगशाळा आणि मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, मिळतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात इनक्युबेशनची सोय आहे, त्यामुळे पुण्याला जाण्याआधी तिथे चौकशी करा. प्रयोग चालू आहे आणि माल अजून पक्का झालेला नाही, अशांनी इथे जावं.

तिसरा अ‍ॅक्सिलरेटर. तीन ते सहा महिने घाईत चालतो आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर पिच, म्हणजे धंद्याची थोडक्यात मांडणी, असते. विक्री सुरू झालेली नसताना इथे जाण्यात अर्थ नाही. मेंटॉर पहिलाच प्रश्न विचारेल की गेल्या तीन महिन्यांत किती गिऱ्हाइकांनी पैसे देऊन माल घेतला.

चौथे व्यावसायिक नेटवर्किंग गट. आठवड्याला किंवा महिन्याला बैठक, वार्षिक वर्गणी आणि एकमेकांना काम देण्याचा करार. इंटिरिअर, विमा, छपाई, सीए अशा सेवा देणाऱ्यांना यातून पटकन काम मिळतं. तुमचं गिऱ्हाईक सोलापूरबाहेर असेल तर गावातल्या गटाची वर्गणी वसूल होईलच असं नाही. दोन बैठकींना पाहुणे म्हणून जा, समोर बसलेल्यांपैकी किती जण तुमचा माल घेतील किंवा घेणाऱ्यापर्यंत पोचवतील ते मोजा, मगच पैसे भरा.

जाण्याआधीची तयारी

कार्यक्रमाचा निम्मा फायदा तुम्ही सोबत काय घेऊन जाता यावर ठरतो. रिकाम्या हाताने गेलात तर मेंटॉर सगळ्यांना देतो तोच सल्ला तुम्हालाही देईल.

किमान पंधरा गिऱ्हाइकांशी बोलून जा, आणि त्यात नातेवाईक धरू नका. ‘तुम्हाला हे आवडेल का’ असं विचारू नका. सोलापुरी माणूस समोरच्याचं मन मोडत नाही, तो हो म्हणतो. त्याऐवजी ‘सध्या हे काम कसं करता, गेल्या वेळी किती पैसे गेले, कुठे अडलं’ हे विचारा. उत्तरं त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या आणि घरखर्च वेगळा काढा. घरचं आणि धंद्याचं एकाच खात्यात असेल तर कोणताही मेंटॉर तुमचा नफा सांगू शकणार नाही. ही वाटणी करायला दोन रविवार लागतील, पण कार्यक्रमातल्या कोणत्याही सत्रापेक्षा त्यातून जास्त कळतं.

धंद्याचं कायदेशीर रूप काय आहे ते पाहा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून दूर राहा. १६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया उपक्रमाची मान्यता एकमालकी धंद्याला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखं रूप लागतं. म्हणून काही जण घाईघाईने प्रायव्हेट लिमिटेड काढतात आणि मग विक्री शून्य असतानाही दर वर्षी ऑडिट आणि रिटर्नचा खर्च सोसतात. मान्यतेचा नेमका कोणता फायदा हवा आहे ते आधी ठरवा.

मेंटॉरपुढे काय ठेवायचं : कडक भाकरीचा हिशेब

चांगला कार्यक्रम कशाला म्हणायचं हे एका उदाहरणातून नीट कळेल. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत; तिथे तुमचे टाका.

दहा कडक भाकऱ्यांचं पाकीट, छापील किंमत १२० रुपये. पीठ २०, करणाऱ्या ताईंची मजुरी २५, गॅस ६, खोका १२. झाले ६३. घरच्या हिशेबाने पाकिटामागे ५७ रुपये सुटतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

आता दुकानातून विका. दुकानदाराचे २० टक्के म्हणजे २४, वितरकाचे ८ टक्के म्हणजे ९.६०, वाहतूक आणि फुटलेला माल ७ टक्के म्हणजे ८.४०. हातात ७८ येतात. त्यातून ६३ गेले की १५ उरतात, आणि जागेचं भाडं, तुमचा पगार, उधारी बुडाली तर तीही, सगळं या १५ मधून. तरी तग धरता येतो.

ऑनलाइन विका. कमिशन २५ टक्के म्हणजे ३० रुपये. कुरिअरचं काय? भाकरी मोठी आहे म्हणून खोका २४ बाय २४ बाय १२ सेंटिमीटरचा. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढताना लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून साधारणपणे ५००० ने भागतात. इथे ते १.३८ किलो भरतं. म्हणजे आत ४०० ग्रॅम भाकरी असली तरी बिल दीड किलोच्या टप्प्याचं. समजा ते ९० रुपये. १२० मधून ३० आणि ९० गेले की शून्य उरतो, आणि केलेला ६३ रुपयांचा खर्च पूर्ण अंगावर. ऑर्डर वाढतील तसा तोटा वाढतो.

अनुभवी मेंटॉर इथे तवा बदलायला सांगतो. भाकरी १६ सेंटिमीटरची केली तर खोका १७ बाय १७ बाय ८ मध्ये बसतो. आकारमानाचं वजन ०.४६ किलो, बिल अर्ध्या किलोच्या टप्प्याचं, समजा ४५ रुपये. खोका अंगाबरोबर बसला की भाकरी आत हलत नाही आणि तुकडेही कमी होतात. तरीही हातात ४५ येतात आणि खर्च ६३. म्हणजे एकटं पाकीट ऑनलाइन विकायचंच नाही. सोबत २०० ग्रॅम शेंगा चटणीची दोन पाकिटं जोडायची, प्रत्येकी ११० रुपये विक्री आणि ५० खर्च. ऑर्डर ३४० ची. कमिशन ८५, एक किलोच्या टप्प्याचं कुरिअर समजा ६०, हातात १९५. खर्च १६३. उरले ३२.

हे सगळं दीड तासात होतं, पण मेंटॉरने पॅक केलेला माल स्वतः कुरिअरने पाठवलेला असेल तरच. म्हणून नाव नोंदवताना मेंटॉरची यादी मागा आणि तुमच्या मालाशी संबंधित काम प्रत्यक्ष केलेले त्यात किती आहेत ते पाहा. यादीत फक्त ‘प्रेरणादायी वक्ते’ असतील तर फी कितीही कमी असली तरी तुमचे दिवस वाया जातील.

ओळख कशी मागायची

कार्यक्रमात खिसाभर व्हिजिटिंग कार्डं गोळा होतात आणि आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातात. याचं कारण मागणी मोघम असते. ‘काही काम असेल तर सांगा’ म्हटल्यावर समोरच्याला कोणाचंच नाव आठवत नाही. नेमकं मागा. असा निरोप पाठवा :

‘नमस्कार सर, शनिवारच्या सत्रात भेटलो होतो. आम्ही हॉस्पिटलसाठी टेरी टॉवेल आणि चादरी पुरवतो. पुण्यातल्या पन्नास ते शंभर खाटांच्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागात तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर दहा मिनिटं बोलायचं आहे. नमुना आणि दरपत्रक तयार आहे. पुढे पाठवता येईल असा मजकूर खाली देतो.’

शेवटची ओळ फार कामाची. समोरच्याला टाइप करावं लागू नये म्हणून चार ओळी तयार द्या, तो फक्त फॉरवर्ड करेल. निरोप भेटीनंतर दोन दिवसांत गेला पाहिजे. ओळख झाल्यावर पुढे काय झालं हे ओळख करून देणाऱ्याला कळवा, काम झालं नसलं तरी. हे न कळवल्यामुळे दुसरी ओळख मिळत नाही आणि माणसाला कारणही कळत नाही.

बॅचमधल्या इतर फाउंडरकडे दुर्लक्ष करू नका. गुंतवणूकदार वर्षातून एकदा भेटेल. डबा पुरवणारा, लेबल छापणारा, चांगला सीए सांगणारा तुमच्याच बाकावर बसलेला असतो. त्यांच्याशी किमती आणि उधारीबद्दल मोकळेपणी बोला. कल्पना चोरीला जाईल म्हणून गप्प बसणाऱ्याला कोणीच मदत करू शकत नाही. खरंच जपायचं असेल तर कागद करा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी ९००० ऐवजी ४५०० रुपयांत होतो, पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. पेटंट होण्यासारखी गोष्ट असेल तर अर्ज आधी, स्टेजवरचं प्रात्यक्षिक नंतर. जाहीर दाखवलेल्या गोष्टीचं नावीन्य पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

पैशाबद्दल

कार्यक्रमात गेलं की गुंतवणूक मिळते हा समज सोडा. मिळते ती तयारी आणि योग्य दार. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेची रचनाच अशी होती की पैसा केंद्राकडून थेट न येता निवडलेल्या इनक्युबेटरमार्फत यायचा. संकल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान. अशा योजनांमध्ये इनक्युबेटर तुमचं काम आधीपासून ओळखत असेल तर बोलणं सोपं जातं. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांबरोबर काम करण्यासाठी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश, म्हणजे कामाच्या ऑर्डरी, दिले गेले. गुंतवणुकीपेक्षा कार्यादेश मोलाचा, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येतो.

काही कार्यक्रम फीऐवजी कंपनीत हिस्सा मागतात. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : किती टक्के, त्याबदल्यात रोख किती, आणि मध्येच कार्यक्रम सोडला तर हिश्शाचं काय. ‘मार्गदर्शनाच्या बदल्यात’ म्हणून पाच टक्के देणं आज हलकं वाटतं, कारण कंपनीची किंमत आज काहीच नाही. कराराचा कागद तुमच्या सीएला किंवा वकिलाला दाखवा, आयोजकाने सुचवलेल्या नाही. आणि ‘गुंतवणूक नक्की मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या.

उधारीचा मुद्दाही कार्यक्रमात आवर्जून काढा, गणवेश आणि टॉवेलवाल्यांचा जीव त्यातच अडकतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देणं खरेदीदाराला कायद्याने बंधनकारक आहे. करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि माल पोचल्याची सही-तारीख असलेली पावती जपून ठेवा. तारखेचा पुरावा नसेल तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो.

काम कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त नुकसान दुकान सोडून जाण्याने होतं. दर शनिवारी पुण्याला गेलात आणि मागे ऑर्डर चुकली, तर शिकलेलं सगळं गिऱ्हाइकाची समजूत काढण्यात जातं. जाण्याआधी मागचं काम लिहून दुसऱ्याकडे सोपवा. भागीदार असेल तर दोघांनी आलटून पालटून जाऊ नका. एकानेच जावं आणि परतल्यावर त्याच रात्री दुसऱ्याला सांगावं. अर्धं एकाच्या आणि अर्धं दुसऱ्याच्या डोक्यात राहिलं की भांडणं होतात.

दुसरं, एकामागून एक कार्यक्रम करत राहणं. एका कार्यक्रमात ठरवलेलं काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याचा अर्ज भरू नका. त्यासाठी वहीच्या एका पानावर पहिल्या दिवशी तीन आकडे लिहा : महिन्याची विक्री, नव्याने जोडलेली गिऱ्हाइकं आणि येणं बाकी असलेली उधारी. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच पानावर खाली नवे आकडे लिहा. तिसऱ्या महिन्यात पान मेंटॉरसमोर ठेवा आणि एकही आकडा हलला नसेल तर पुढच्या सत्राला जाण्याऐवजी तो तास पहिल्या पंधरा गिऱ्हाइकांना पुन्हा फोन करण्यात घालवा.