सोलापुरातून ५० मीटरची रायफल: घेण्याआधी आणि घेतल्यावर

‘कुठल्या कंपनीची घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, खरं तर तो यादीत बराच खाली यायला हवा. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तर फारच. पोराने १० मीटर एअर रायफलमध्ये दोन सीझन बरे काढले की वडील थेट किंमत विचारतात. किंमतीचं बघता येईल. आधी कागद, मग शरीर, मग रायफल, मग तिची जुळवणी आणि शेवटी काडतुसं. हा क्रम चुकला की पैसा जातो आणि स्कोअर होता तिथेच राहतो.

लांब पल्ला म्हटलं की बऱ्याच जणांना हजार मीटर, दोन पायांचा स्टँड आणि वर भली मोठी दुर्बीण आठवते. मोबाइलवर पाहायला ते छान आहे. पण ३०० मीटरचा मोठ्या बोअरचा खेळ आपल्याकडे मुख्यतः फौजेतल्या आणि पोलिसांतल्या नेमबाजांच्या हातात आहे. सोलापूरच्या मुलामुलींना खरोखर गाठता येईल असा लांब पल्ला म्हणजे ५० मीटर, पॉइंट टू-टू काडतूस, आणि दुर्बिणीऐवजी पीप साइट, म्हणजे मागच्या बारीक भोकातून बघत पुढच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल धरायचा. ५० मीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते आधी. १० मीटरच्या ४.५ मिमी एअर रायफलला परवाना लागत नाही, पॉइंट टू-टूला लागतो. शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, बार्शी-पंढरपूर-अक्कलकोटकडचे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. परवान्यासाठी वय २१ लागतं. त्याआधी क्लबची रायफल, तीही प्रशिक्षकाच्या नजरेखाली. रायफल असोसिएशनचं सदस्यत्व, स्पर्धांचे निकाल, प्रमाणपत्रं एका फाइलला लावा आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स ठेवा. परवाना हातात पडला की पहिल्यांदा त्याची हद्द वाचा. फक्त जिल्ह्यापुरता असेल तर तो आपल्या कामाचा नाही, कारण सराव पुण्याच्या बालेवाडीला, आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धा दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर नाहीतर भोपाळला. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. आपण खेळाडू आहोत हे दाखवणारे कागद तेव्हा शोधत बसू नका, आधीच तयार ठेवा. घरात लोखंडी कपाट हवं. रायफल एका जागी, बोल्ट (चेंबर उघड-बंद करणारा सुटा भाग) दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या, आणि चाव्या घरातल्या मोठ्या माणसाकडे. यात सवलत नाही.

आता शरीर. दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये छोटं भोक ठेवा, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यातून बघा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. भोक ज्या डोळ्यावर येऊन थांबेल तो तुमचा जोरकस डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा जोरकस डोळा डावा निघाला तर रायफल घेण्याआधीच प्रशिक्षकाशी बोला, कारण डावी आणि उजवी रायफल वेगळी येते आणि दुकानदार हातातली खपवायच्या गडबडीत असतो. मग प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, ओळखीच्या नेमबाजांच्या रायफली त्यांच्या परवानगीने, रेंजवर, त्यांच्यासमोर खांद्याला लावून बघा. मान कुठे ताणली जाते, डाव्या मनगटावर भार कुठे येतो, श्वास घेताना पोट जमिनीला किती दाबतं, हे लिहून ठेवा. कॅटलॉग पाहून यातलं काहीच कळत नाही.

रायफल निवडायची ती ह्या नोंदींवरून. अ‍ॅन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ या तिन्ही कंपन्यांच्या रायफली तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी सरळ मारतात, त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. बघायचं एवढंच की बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) वर-खाली, पुढे-मागे आणि तिरकी सरकते का, चीकपीस (गाल टेकायचा भाग) उंच होतो का, ग्रिप हाताला बसते का, आणि सगळं चढवून वजन ८ किलोच्या आत राहतं का. नियमाची मर्यादा ८ किलो असली म्हणून पंधरा-सोळाच्या मुलीला पावणेआठ किलोची रायफल देऊ नका. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभं राहून मारताना, तिची कंबर त्याची किंमत मोजते. वाढत्या वयाच्या मुलाला सेकंडहँड घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. मात्र व्यवहार परवान्यावर नोंद होऊनच. सेकंडहँड बघताना बॅरलच्या तोंडाची कड नखाने तपासा. तिथे पोचा असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. नंतर किती राउंड झालेत ते विचारा, बोल्ट उघड-बंद करून बघा, आणि सोबतचे सुटे भाग पिशवीत नव्हे तर रायफलीवर लावून दाखवायला सांगा.

जुळवणीला घाई करायची नाही. रिकामी रायफल, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण), अंगात जॅकेट, हातात ग्लव्ह, खाली मॅट. जॅकेट घालूनच जुळवणी करायची, कारण बनियनवर केलेली जुळवणी जॅकेट चढवल्यावर पार बदलते. आधी रायफल बाजूला ठेवून नुसते झोपा. शरीर लक्ष्याच्या रेषेला थोडं तिरकं, उजवा गुडघा जरा वर ओढलेला, म्हणजे पोट मोकळं राहतं आणि हृदयाचे ठोके कमी जाणवतात. मग रायफल घ्या आणि हँडस्टॉप (डाव्या हाताला पुढे अडवणारा ठोकळा) पुढे-मागे करत डावा हात ठरवा. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे डाव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करायला हवा. फार खाली गेलात तर पंच थांबवतात. स्लिंग, म्हणजे रायफलीला जोडलेला पट्टा, दंडावर उंच बांधा. ती दंडाच्या मधोमध रक्तवाहिनीवर बसली तर पुढच्या रिंगमध्ये काळा गोल नाडीच्या तालावर उडताना दिसतो. तसा दिसला तर ताण कमी करण्याआधी स्लिंगची जागा बदलून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

त्यानंतर बट प्लेट. ती खांद्याच्या खळग्यात एका झटक्यात बसली पाहिजे, प्रत्येक गोळीनंतर शोधावी लागता कामा नये. लांबी अशी ठेवा की ट्रिगरवरचं बोट सरळ मागे येईल. ते बाजूने घासत येत असेल तर गोळ्या एका बाजूला जातात आणि आपण उगाच साइट फिरवत बसतो. मग चीकपीस. मान वाकवून डोळा साइटकडे न्यायचा नाही, साइट डोळ्याकडे आणायची. डोळे मिटून डोकं आपल्या वजनाने चीकपीसवर सोडा आणि डोळे उघडा. मागच्या भोकातून पुढची रिंग बरोबर मध्ये दिसली तर उंची जमली.

पुढच्या रिंगचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. ५० मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल ११२.४ मिमीचा. डोळ्यापासून पुढची रिंग ९० सेंटीमीटरवर असेल, तर तो गोल रिंगच्या जागी सुमारे २ मिमीचा दिसतो. आता रिंग २.६ ची लावली तर भोवती पांढरी कड जेमतेम ०.३ मिमी उरते, आणि डोळा त्या कडेशी झटापट करून पाच-सहा सेकंदांत थकतो. नवीन मुलं हट्टाने बारीक रिंग लावतात, त्यांना ती नेमकी वाटते. साडेतीनच्या आसपास सुरुवात करा, प्रकाश मंदावला तर आणखी मोठी करा.

सगळं बसलं की शेवटची परीक्षा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अर्धा सोडून थांबा आणि डोळे उघडा. रायफल काळ्या गोलावरून डावीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणू नका. डावा कोपर खुंटीसारखा जागीच ठेवून कंबर आणि पाय सरकवा. वर-खाली गेली असेल तर बट प्लेट किंवा हँडस्टॉप हलवा. हे प्रोनचं झालं. स्पर्धेत नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग या क्रमाने प्रत्येकी २० गोळ्या असतात आणि तिन्हींचे आकडे वेगळे येतात. स्लिंग फक्त पहिल्या दोनमध्ये, स्टँडिंगमध्ये नाही. प्रत्येक पोझिशनसाठी बट प्लेट, चीकपीस, हँडस्टॉप यांचे आकडे मिलिमीटरमध्ये वहीत लिहा आणि रायफलीवरही बारीक खूण करा. अ‍ॅक्शनचे, म्हणजे बॅरल-बोल्टची यंत्रणा स्टॉकला धरणारे, स्क्रू कंपनीने दिलेल्या मापानेच, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. ‘घट्ट वाटलं’ हे माप नव्हे.

घरचा सराव म्हणजे ड्राय फायर, गोळीविना नेम धरून ट्रिगर दाबणं. हॉलमध्ये ५ मीटर मिळाले तरी पुष्कळ. भिंतीवर ११.२ मिमीचा काळा ठिपका लावा, तो ५० मीटरच्या गोलाएवढाच दिसतो. काडतुसं खोलीबाहेर, दार बंद, आणि ठिपक्यामागे भिंतच हवी, खिडकी नको. पॉइंट टू-टूमध्ये रिकाम्या चेंबरवर पिन आपटत राहिली तर चेंबरची कड खराब होते, म्हणून ड्राय फायरची सोय असलेला बोल्ट किंवा नकली काडतूस वापरा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मंडळींना एक वेगळं सांगायला हवं. शेजारी यंत्रमाग चालत असतील तर घरात कापसाचा बारीक भुगा सतत उडतो. तो ट्रिगरमधल्या तेलाला चिकटतो आणि दोन-तीन महिन्यांत ट्रिगरचा पहिला टप्पा चिकट लागायला लागतो. तिथे तेल जवळजवळ नकोच. सरावानंतर रायफल बंद केसमध्ये ठेवायची, टॉवेल टाकून उघडी नाही, कारण नवा सोलापुरी टॉवेल स्वतःच तूस सोडतो. घाम पुसायला मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही.

काडतुसांची वेळ आता येते. इली, आर.डब्ल्यू.एस., लापुआ यांपैकी कुठली भारी हे विचारू नका, तुमच्या बॅरलला कुठला लॉट (एका खेपेत बनलेला माल) मानवतो ते विचारा. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन खोक्यांवरचे लॉट नंबर वेगळे असले तर ग्रुपही, म्हणजे टार्गेटवर पडणारे गोळ्यांचे पुंजकेही, वेगळे पडतात. प्रत्येक लॉटच्या निदान दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप घ्या, शक्य तर रायफल शिकंज्यात बसवून, नाहीतर रेस्टवर, वारा पडलेला असताना. गोळी ५.६ मिमीची आणि रेषेला नुसती शिवली तरी गुण मिळतो, म्हणून तिचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत आला की दहा. लॉट पसंत पडला की परवान्याच्या मर्यादेत जमेल तितका एकदम घ्या. सहा महिन्यांनी तोच नंबर मिळेलच असं नाही. महागडी रायफल घेऊन मिळेल त्या काडतुसांवर सीझन काढणारे बरेच दिसतात. त्यापेक्षा जुनी रायफल आणि तपासलेला लॉट केव्हाही बरा.

वाऱ्याची सवयही याच वेळी लावा. साध्या वेगाच्या पॉइंट टू-टू गोळीला आडवा वारा सेकंदाला एक मीटर असला तरी ५० मीटरवर ती सुमारे अर्धा सेंटीमीटर सरकते, आणि टार्गेटवर एका रिंगचं अंतर ८ मिमी आहे. म्हणजे घरच्या अंगणात कपडे जेमतेम हलतील एवढ्या झुळकीने दहाचा नऊ होऊ शकतो. रेंजवरच्या वाऱ्याच्या झेंड्याकडे बघायची शिस्त सायटरपासूनच, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्यांपासूनच हवी.

एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४२ च्या वर जातो आणि रायफल शूटिंगचं जॅकेट कॅनव्हास नाहीतर चामड्याचं असतं. सराव सकाळी लवकर उरका. जॅकेट घामेजलं तर सावलीत हँगरला लावा. उन्हात टाकलं तर कडक होतं, आणि कडकपणा तपासणीत नापास होणं म्हणजे घरून हरून निघणं. जाडीची मर्यादा एका थराला २.५ मिमी. काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापलेल्या काडतुसाचा वेग बदलतो आणि ग्रुप वर-खाली लांबतो. रेंजवर खोका सावलीत, मॅटच्या कडेला ठेवा. दुपारी जमिनीवरून वाफा उठल्यासारखा काळा गोल थरथरताना दिसला तर रिंग बदलू नका, साइट फिरवू नका, उठून पाणी प्या.

बालेवाडीला स्पर्धा असेल तर आदल्या दिवशी जा. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोचेपर्यंत सकाळ निम्मी सरते, आणि पहिली डिटेल (नेमबाजांची पहिली तुकडी) तुमच्यासाठी थांबत नाही. केस कुलूपबंद, बोल्ट काढलेला, मूळ परवाना अंगावर, झेरॉक्स केसमध्ये. बॅगेत वही, अ‍ॅलन कीचा संच, टॉर्क रेंच, रिंगांची डबी, सेफ्टी फ्लॅग, जादा स्लिंग, कानाचे प्लग, पाण्याची बाटली, आणि खायला कडक भाकरी-शेंगाचटणी. चटणीचा तेलकट हात ग्रिपला लागला तर नीलिंगमध्ये ती निसटते, तेव्हा साबणही घ्या. पोचल्यावर पहिल्यांदा सगळे स्क्रू रेंचने तपासा. टेंभुर्णी-इंदापूर रस्त्याने गाडीतून गेला असाल तर एखादा हललेला सापडतोच. मग इक्विपमेंट कंट्रोलची, म्हणजे साहित्य तपासणीची, रांग लहान असेल तेव्हाच उरकून टाका. तिथे काही अडलं तर दुरुस्त करायला संध्याकाळ हाताशी राहते.