‘कितला पैसा भेटनात तुले?’ : शेअरची टिप देणाऱ्याला कसं विचारावं

सावद्याला केळीचा सौदा करताना माल कोण उचलणार, मधली दलाली कोणाची, हे शेतकरी आधी विचारून घेतो. तोच भाऊ रात्री मोबाईलवर ‘उद्या ९.१५ ला उचला, महिन्यात डबल’ असा मेसेज आला की काहीच विचारत नाही.

विचारायचं ते ग्रुपवर, चारचौघांत. खासगीत गोड उत्तरं मिळतात. हा शेअर तुमच्याकडे आहे का, कितीला घेतला? हे लिहायचे कोणी पैसे दिले का? सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, नोंदणी क्रमांक काय? रिसर्च अ‍ॅनालिस्टचा (शेअरचा अभ्यास करून घ्या-विका सांगणाऱ्याचा) क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. दुसऱ्याचा नंबर चिकटवणारेही असतात. नोंदणीवाल्याला आपला हितसंबंध आणि त्या कंपनीकडून मागच्या १२ महिन्यांत मिळालेला मोबदला अहवालात सांगावाच लागतो.

मग एक्स्चेंजच्या (बीएसई, एनएसई) साइटवर कंपनीचा भागधारणा तक्ता, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत ते, उघडा. हे काम कंटाळवाणं, पण खरी गोष्ट इथेच कळते. दोन तिमाह्या शेजारी ठेवा: प्रवर्तकांचा (कंपनीच्या मूळ मालकांचा) हिस्सा घटतोय आणि छोटे भागधारक एकदम वाढलेत का? साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात यूट्यूबवरच्या खोट्या बातम्यांच्या काळात छोटे भागधारक २ हजारांच्या आसपास होते, ते ५५ हजारांवर गेले. मार्च २०२३ मध्ये सेबीचा अंतरिम आदेश आला. अशा शेअरला चढताना वरचं सर्किट (दिवसाच्या भावाची ठरलेली मर्यादा) लागतं, तेव्हा मिळत नाही. उतरताना खालचं लागतं, तेव्हा विकला जात नाही. कापलेला घड बांधावर पडलाय आणि गाडीच आली नाही, तशी गत.

ग्रुप तुमचाच असेल तर नियम करून टाका: टिपेच्या पहिल्या ओळीत ‘माझ्याकडे आहे/नाही, मोबदला घेतला/नाही’. ओळ नसली की मेसेज डिलीट, मग तो मेहुण्याचा का असेना. (माझ्या मेहुण्याने आठ दिवस अबोला धरला होता.) ‘घेतला’ असं कबूल केलं म्हणजे टिप खरी ठरत नाही, वाचणाऱ्याला वजन किती द्यायचं ते कळतं, एवढंच. आणि टिपांसाठी ग्रुपची फी घेत असाल तर नोंदणी तुम्हालाच लागेल.

डिलीट करण्याआधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. नोंदणीवाल्याविरुद्धची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या पोर्टलवर होते. पैसे फसवून नेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच.