इंदूरहून परदेशी निघताय? वेळेचा हिशोब करताना या चुका टाळा

रामबागेतल्या आमच्या आत्याने लेकाने पाठवलेलं तिकीट वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेसहाला सॅन फ्रान्सिस्को? अरे, इथून मुंबईला बस बारा तास घेते!"

हसू नका, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे. चारला सुटलेलं विमान सोळा तासांनी उतरतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ, तिथे त्याच दिवसाची सकाळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मधल्या काळात फरक साडेबाराचाच.

दुसरी चूक अंतर भागिले वेग. इंदूर-मुंबई हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर, विमान ताशी 850 ने जातं, म्हणजे पस्तीस मिनिटं? तिकिटावर मात्र तासापेक्षा जास्त. कारण ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण, मुंबईवर घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून लांबचं अंतर मोजू नका. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को पट्टी जवळपास आडवीच पडते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो सरळ उत्तरेला ध्रुवाकडे चढतो. हा दोरा सुमारे 12,400 किलोमीटरचा. विमान दोऱ्यावरूनच जाईल असंही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. गावं तिथेच, वेळ मात्र वाढला.

जायला लागतो तेवढाच वेळ यायला, हेही धरू नका. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून लंडनहून मुंबईला येणं जाण्यापेक्षा लवकर होतं.

आता आमच्या घरची फजिती. परदेशच्या विमानाच्या तिकिटावर 12 तारीख, वेळ 00:50. आम्ही बारा तारखेच्या संध्याकाळी इंदूरहून उडायची तयारी केली होती! शेजारच्या काकांनी सहज विचारलं म्हणून कळलं, की ते विमान अकराच्या मध्यरात्रीनंतर पन्नास मिनिटांनी सुटणार. इंदूरचं तिकीट अकराचं हवं होतं. बदलायला पैसे गेले ते गेलेच.

इंदूरचं आणि परदेशचं, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर आणखी जपा. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, आणि बॅगा मध्ये स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. दिल्लीत टर्मिनल 1 वर उतरून टर्मिनल 3 गाठायचं असेल तर त्यासाठी वेगळा वेळ ठेवा. आत्याला आम्ही सकाळच्या विमानानेच पाठवलं. दिवसभर तिथे बसून कंटाळली, पण डब्यातले पोहे निवांत संपवले.