डाकोटा, हार्वर्डच्या पंखातली पत्र्याची रिब नव्याने कशी घडवावी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या डाकोटा किंवा हार्वर्ड विमानाचा पंख उघडला, की गंजाने पोखरलेल्या किंवा ठिगळं लावलेल्या रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या, बऱ्याचदा सापडतात. नवी रिब दिसायला हुबेहूब करणं अवघड नाही. ती जुनीइतकी मजबूत आहे, हे कागदावर दाखवता येणं हे खरं काम. म्हणून पत्रा कापण्याआधी आपल्या देशाच्या विमान नियामकाकडून (भारतात डीजीसीए) हा भाग कोणत्या मार्गाने मान्य होईल, ते लेखी ठरवून घ्या.

मूळ आराखडा मिळवण्याचा प्रयत्न आधी करा. जुनी रिब केवळ साक्षीदार म्हणून वापरा, कारण ती वाकलेली, ताणलेली किंवा मागच्या दुरुस्तीत चुकीची बसवलेली असू शकते. आराखड्यावर २४एसटी (ॲल्युमिनियम आणि तांब्याचा कडक केलेला मिश्रधातू) लिहिलं असेल तर आजचं नाव २०२४, टी३ किंवा टी४; टी म्हणजे कडक केलेली अवस्था. २४एसओ म्हणजे त्याच मिश्रधातूची मऊ अवस्था, आजची २०२४-ओ. शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेला अल्क्लॅड पत्रा मागितला असेल तर साधा पत्रा चालणार नाही. तो थरच गंज रोखतो.

साचा मेपलसारख्या कठीण लाकडाचा किंवा घट्ट एमडीएफचा करा. आराखड्यातली रेषा पंखाच्या कातडीची (रिब्जवर बसणाऱ्या बाहेरच्या पत्र्याची) बाहेरची बाजू दाखवते की रिबची, हे आधी तपासा. इथे एका पत्र्याच्या जाडीची गफलत झाली तर सगळी कातडी उंच किंवा खोल बसते. साचा रिबच्या बाहेरच्या रेषेपेक्षा पत्र्याच्या जाडीइतका आत हवा. कडेला आराखड्यातली वाकाची त्रिज्या द्या आणि बाजू २ ते ३ अंश आत उतरती ठेवा, कारण ठोकून वाकवलेला काठ थोडा उलटा उसळतो. वरून दाबायला तशाच आकाराची दुसरी फळी हवी. दोन्हींतून आरपार पिना घाला, म्हणजे पत्रा सरकणार नाही.

पत्र्यावर खुणा बारीक मार्करने करा. सुईने ओढलेल्या ओरखड्यातून भेग सुरू होते, आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियम गंजवतं. काठ जिथे थांबतात त्या कोपऱ्यांत आधी भोक पाडा, मगच खाच कापा. सगळ्या कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने गुळगुळीत करा. वाकवताना चिरलेल्या काठाचं मूळ बहुधा राहून गेलेल्या कंगोऱ्यात असतं.

ठोकायला नायलॉनची किंवा कच्च्या चामड्याची मोगरी घ्या. एका जागी पूर्ण वाकवू नका. संपूर्ण लांबीवर थोडं थोडं खाली आणत अनेक फेऱ्या मारा. पंखाची वरची बाजू फुगीर असते, त्यामुळे तिथल्या काठाला आक्रसावं लागतं आणि जादा धातू सुरकुत्या धरतो. तो फ्लूटिंग पक्कडीने छोट्या घड्यांत घ्या. घड्या रिव्हेटच्या जागांच्या मधोमध आल्या पाहिजेत, रिव्हेटखाली सपाट पृष्ठभागच हवा.

मऊ २०२४-ओमध्ये घडवलेली रिब तशीच वापरता येत नाही. तिला ताकद येते ती भट्टीत, आणि सगळ्यात जास्त भाग वाया जातात तेही इथेच. तापमान ४९३ अंश सेल्सिअस, साधारण ५ अंश इकडे-तिकडे. फार वर गेलं की धातूच्या कणांच्या सीमा वितळू लागतात आणि भाग भंगारात जातो. खाली राहिलं तर तांबं पुरेसं विरघळत नाही. ०.०४० इंच जाड पत्र्याला हवेच्या भट्टीत साधारण अर्धा तास लागतो. गॅसच्या ज्योतीने हे करू नये.

भट्टीचं दार उघडल्यापासून १० सेकंदांच्या आत रिब थंड पाण्यात पूर्ण बुडली पाहिजे. उशीर झाला तर ताकद घटते आणि कणांच्या सीमांवरचा गंज आत शिरतो. रिब उभी, कडेवर आत जाईल अशी टांगा; आडवी पडली की पिळवटते. थोडी वाकणारच. पाण्यातून काढल्यावर साधारण अर्धा तास ती मऊ असते, तेवढ्यात साच्यावर परत सरळ करा. मग खोलीच्या तापमानाला ९६ तास राहू द्या. अल्क्लॅड पुन्हापुन्हा तापवू नका, आतलं तांबं वरच्या थरात झिरपतं.

अशा भागाची अवस्था टी४२ होते. तिची ताकद टी३पेक्षा किंचित कमी असते, त्यामुळे आराखड्यात २४एसओमध्ये घडवून मग कडक करायला सांगितलं आहे का ते बघा. नसेल तर हिशेब अभियंत्याकडून तपासून घ्या. त्याच पत्र्याच्या पट्ट्या रिबबरोबर भट्टीत ठेवा आणि प्रयोगशाळेत ताणून तोडून घ्या. कागदाला वजन येतं ते या आकड्यांमुळे.

बसवताना १/८ इंच रिव्हेटला ३० नंबरचं ड्रिल वापरा. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. ठोकलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच यावं. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान दोन व्यास अंतर ठेवा. जुन्या स्पारची (रिब्ज ज्याला जोडतात त्या पंखातल्या लांब मुख्य तुळईची) भोकं आधीच मोठी झालेली असतात, म्हणून नव्या रिबला आधी लहान भोकं पाडा आणि अंतिम माप जागेवर जुळवून घ्या.

जोडण्याआधी प्रायमर दोन्ही पृष्ठभागांना लावा. क्रोमेटचा असेल तर मास्क आणि हातमोजे घाला, तो विषारी आहे. भागाचा क्रमांक शाईने लिहा. ठोकून उमटवलेला क्रमांक भेगेला जागा करून देतो.